मराठवाड्यातील अंगणात जास्वंद : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांत जास्वंद दारोदारी दिसते, आणि तिच्याविषयीच्या तक्रारीही दारोदारी सारख्याच असतात. याचे एक कारण असे की, जास्वंदीबद्दल जी माहिती सहज मिळते ती बहुधा कोकण किंवा पुण्याकडील अनुभवावर आधारलेली असते. तिकडची माती तांबडी आणि निचऱ्याची किंवा हवा मवाळ. आपल्याकडे मात्र काळी चुनखडीची जमीन, बोअरचे जड पाणी आणि बेचाळीस-त्रेचाळीस अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा. पुढील उत्तरे ही परिस्थिती गृहीत धरून दिली आहेत.

जास्वंदीची कोणती जात निवडावी?

पहिल्यांदाच लावणार असाल, तर साधी लाल, पाच पाकळ्यांची गावठी जास्वंद लावावी. ती ऊन सोसते, जड पाण्यालाही बऱ्यापैकी तोंड देते आणि एकदा मुळावली की पाच-सात फुटांचे झुडूप सहज होते. दाट पाकळ्यांची दुहेरी लाल जास्वंदही आपल्याकडे चांगली टिकते. पाकळ्या कातरलेली, लांब देठावर झुंबरासारखी लोंबणारी जास्वंद शोभिवंत खरी, परंतु तिला दुपारच्या झळा मानवत नाहीत. तिला पूर्वेची बाजू द्यावी.

रोपवाटिकेत ताटलीएवढ्या फुलांची, दोन-तीन रंग मिसळलेली संकरित रोपे मिळतात. ही बहुतेक कलमी असतात आणि त्यांचा फुलोरा पाहून मोह होणे स्वाभाविक आहे. तरीही स्पष्टच सांगावयाचे, तर एप्रिल-मे महिन्यांत हिरवी जाळी बांधण्याची तयारी नसेल, तर या रोपांवर पैसे घालू नयेत. घेतल्यास कलमाचा जोड मातीच्या वर राहील असेच लावावे आणि जोडाखालून फुटणारे धुमारे वेळच्या वेळी काढून टाकावेत; अन्यथा वर्षभरात मूळ खुंटच वाढतो आणि कलम मागे पडते.

आमच्याकडे भारी काळी माती आहे. त्यात जास्वंद थेट लावता येईल का?

लावता येईल, पण खड्डा खणला आणि रोप ठेवले, इतक्यावर भागत नाही. काळी माती पाणी धरून फुगते, तडकली की बोट जाईल एवढ्या भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळे तुटतात. पावसाळ्यात याच्या उलट होते: झड लागली की चार-चार दिवस वाफसा, म्हणजे जादा पाणी निथळून मातीत हवा खेळेल अशी ओल, येत नाही, मुळांना हवा मिळत नाही आणि झाड पाण्यात उभे असूनही मान टाकते. अशा वेळी पाणी कमी पडले असे समजून आणखी पाणी घातले जाते व रोप हातचे जाते.

त्यासाठी दीड ते दोन फूट लांब, रुंद व खोल खड्डा घेऊन त्यात निम्मी खणलेली माती, पाव भाग जाडसर वाळू अथवा तांबूस मुरूम आणि पाव भाग चांगले कुजलेले शेणखत किंवा लेंडीखत असे मिश्रण भरावे. खड्डा जमिनीच्या पातळीला भरून थांबू नये. रोपाचा बुंधा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा पाच-सहा इंच उंचावर येईल असा उंचवटा करावा आणि आळे त्या उंचवट्याच्या कडेला करावे, बुंध्याला लागून नव्हे. मुरूम घेताना मात्र पांढरट, खडूसारखा चुरा होणारा मुरूम घेऊ नये. तो चुनखडीचा असतो आणि पुढे पाने पिवळी पडण्याचा जो त्रास सांगितला आहे, त्याला आपणच निमंत्रण दिल्यासारखे होते. मुठीभर मुरुमावर लिंबू पिळले किंवा व्हिनेगर टाकले आणि तो फसफसला, तर त्यात चुना भरपूर आहे असे समजावे.

लागवड केव्हा करावी?

मृगाचा पाऊस होऊन जमीन थंड झाली की, म्हणजे साधारण जूनच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत. पाण्याची सोय असेल तर फेब्रुवारीतही चालते. मार्च ते मे या काळात रोप आणू नये. झुडपांत तीन ते चार फूट अंतर ठेवावे. कुंपण करावयाचे असेल तर दोन फूट पुरते.

पाने पिवळी पडतात. औषध कोणते मारावे?

हा प्रश्न सर्वांत अधिक विचारला जातो आणि त्यात उत्तराची घाई बहुतेकदा नडते. आधी पाने कोणती पिवळी पडली आहेत, हे पाहावे.

खालची, जुनी पाने एकेक करून पूर्ण पिवळी होत असतील आणि हात लावताच गळत असतील, तर बहुधा पाण्याची ओढाताण झालेली असते: कधी कोरडे, कधी चिखल. ऋतू बदलताना, विशेषतः दिवाळीनंतर थंडी सुरू झाली की, थोडी पानगळ स्वाभाविकच असते आणि तिच्यासाठी काहीही करावे लागत नाही. संपूर्ण झाडच फिकट हिरवे दिसत असेल आणि वाढ थांबली असेल, तर नत्राची (नायट्रोजनची) उणीव आहे, शेणखत द्यावे. पानांच्या कडा करपून तपकिरी होत असतील, तर पाण्यातील क्षार किंवा उन्हाच्या झळा यांचा तो परिणाम आहे.

मात्र शेंड्याकडील कोवळी पाने पिवळी आणि त्यांतील शिरा तेवढ्या हिरव्या, जाळी उठून दिसावी अशा, असतील तर ती लोहाची कमतरता होय. चुनखडीच्या जमिनीत उसावर किंवा भुईमुगावर केवडा पडतो, त्यातलाच हा प्रकार. आपल्या मातीत लोह नसते असे नाही. दख्खनच्या बेसॉल्ट खडकापासून तयार झालेल्या मातीत ते विपुल आहे. परंतु जमिनीचा सामू (पीएच) आठच्या आसपास असला आणि मुक्त चुना भरपूर असला की ते लोह विरघळत नाही, आणि न विरघळलेले लोह मुळांच्या उपयोगाचे नसते. पावसाळ्यात वाफसा नसताना हा पिवळेपणा आणखी वाढतो. म्हणून दुकानातून आणलेले हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, मूठभर बुडाशी टाकून फारसे काही साधत नाही. चुन्याच्या सान्निध्यात तेही थोड्याच दिवसांत अडकून पडते.

यावर दोन उपाय खात्रीचे आहेत. पहिला तात्पुरता: ईडीटीए प्रकारचे चिलेटेड, म्हणजे विरघळलेले राहील अशा रूपात बांधलेले, लोह एका लिटर पाण्यात एक ग्रॅम घेऊन सायंकाळी कोवळ्या पानांवर फवारावे आणि दहा-बारा दिवसांनी पुन्हा फवारावे. दुसरा मुळाशी देण्याचा: त्यासाठी ईडीडीएचए असे वेष्टनावर लिहिलेले लोहच घ्यावे, कारण ईडीटीए चुनखडीच्या मातीत टिकत नाही. ईडीडीएचए महाग असते, पण मोठ्या झाडाला पाच ते दहा ग्रॅम पुरते. पाण्यात टाकताच पाणी गडद लाल होते. ते आळ्यात ओतून वरून माती ओढावी, कारण उन्हात ते खराब होते. नव्याने येणारी पाने हिरवी निघाली म्हणजे उपाय लागू पडला. जुनी पिवळी पाने पूर्ववत होतीलच असे नाही, त्यांच्याकडे पाहत बसू नये.

एकाच अंगणात लिंबू, मोगरा आणि जास्वंद अशी तिन्ही झाडे पिवळी पडत असतील, तर फवारण्या थांबवून माती तपासून घ्यावी. परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आणि जिल्ह्याजिल्ह्यांतील कृषी विज्ञान केंद्रे येथे ही सोय आहे.

कूलरचे, एसीचे आणि आरओ यंत्रातून वाया जाणारे पाणी जास्वंदीला घातले तर चालते का?

ही तीन पाणी एकाच मापाने मोजू नयेत. एसीतून ठिबकणारे पाणी हवेतील बाष्पाचे असल्याने त्यात क्षार जवळजवळ नसतात. जास्वंदीसाठी ते उत्तम. आरओ यंत्रातून बाहेर टाकले जाणारे पाणी मूळ पाण्यापेक्षा अधिक क्षारयुक्त असते. बोअरचे पाणी आधीच जड असेल, तर ते कुंडीत मुळीच घालू नये. फरशी धुण्यास वापरावे.

कूलरच्या टाकीचे पाणी तर याहून वाईट. दिवसभर त्यातील पाण्याची वाफ होते आणि क्षार तेवढे टाकीत साठत जातात. वाळ्याच्या पडद्यावर मे महिन्यात जो पांढरा, कडक थर धरतो, तोच पदार्थ त्या पाण्यात विरघळलेला असतो. टाकी रिकामी करताना ते पाणी सवयीने जवळच्या कुंडीत ओतले जाते आणि जूनपर्यंत पानांच्या कडा जळालेल्या दिसतात. भाजी, डाळ व तांदूळ धुतलेले पाणी खुशाल घालावे. साबणाचे नको.

कुंडीच्या बाहेरील बाजूस किंवा मातीवर पांढरी पुटे दिसू लागली असतील, तर पावसाळ्यात त्या कुंड्या उघड्यावर ठेवून पावसाचे पाणी तळाच्या भोकातून भरपूर वाहू द्यावे. पत्र्यावरून पडणारे पावसाचे पाणी एखाद्या टाकीत धरता आले, तर पुढे कितीतरी दिवस ते उपयोगी पडते.

उन्हाळ्यात पाणी किती द्यावे? आणि टंचाई असेल तर?

काळ्या जमिनीतील मोठ्या झाडाला उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी एकदा, पण आठ-दहा लिटर पाणी द्यावे. रोज तांब्याभर पाणी शिंपडल्याने मुळे वरच्या थरातच राहतात आणि एक दिवस चुकला की झाड कोमेजते. खुरप्याने दोन इंच माती उकरून पाहावी. ओल हाताला लागत असेल तर थांबावे. पाणी पहाटे किंवा सूर्य मावळल्यावर द्यावे. जड पाणी पानांवर मारू नये, त्याचे पांढरे डाग पडतात.

टंचाईचा प्रश्न आपल्याकडे काल्पनिक नाही. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले होते, आणि अशा वर्षी शोभेच्या झाडाला बादलीभर पाणी घालणे मनाला पटतही नाही. अशा वेळी फुलांचा नाद सोडून झाड जगविणे एवढेच उद्दिष्ट ठेवावे. मार्चच्या सुरुवातीलाच झुडपाचा वरचा तिसरा हिस्सा छाटून पानांचा भार कमी करावा आणि आळ्यात उसाचे पाचट, सोयाबीनचे भुसकट किंवा वाळलेला पालापाचोळा चार इंच जाडीने पसरावा. बुंध्यापासून हातभर अंतरावर कच्च्या भाजणीचे मडके तोंडापर्यंत गाडून त्यात पाणी भरावे व वर झाकण ठेवावे. मडक्यातून पाणी झिरपत मुळांपर्यंत जाते, बाष्प होऊन उडत नाही. गावठी जास्वंद अशा रीतीने जवळजवळ निष्पर्ण होऊनही उन्हाळा काढते आणि पहिल्या पावसानंतर बुंध्यापासून फुटते. म्हणून मे महिन्यात वाळकी दिसली तरी उपटू नये. नखाने साल खरवडावी, आत हिरवे दिसले तर ती जिवंत आहे.

कळ्या भरपूर येतात, पण उमलण्याआधीच गळून पडतात. असे का होते?

एप्रिल-मेमध्ये कडक ऊन व कोरड्या वाऱ्यामुळे कळ्या गळणे अपेक्षितच आहे. झाड त्या पोसू शकत नाही. पाणी नियमित ठेवणे आणि दुपारी सावली करणे यापलीकडे त्यावर उपाय नाही. झाडाची जागाही पाहावी: पश्चिमेच्या सिमेंटच्या भिंतीला टेकून लावलेल्या झाडाला सूर्य मावळल्यावरही भिंतीची धग सोसावी लागते.

पावसाळ्यात किंवा थंडीत कळ्या गळत असतील, तर गळलेली एक कळी हातात घेऊन उभी चिरावी आणि पांढऱ्या कागदावर झटकावी. डोळ्यांना जेमतेम दिसणारे, पिवळसर किंवा काळपट, लांबुळके किडे सरपटताना दिसले, तर ते फुलकिडे आहेत. गळलेल्या कळ्या रोज वेचून नष्ट कराव्यात आणि आठवड्याच्या अंतराने दोन-तीन वेळा निंबोळी अर्क फवारावा (कृती पुढील उत्तरात दिली आहे). आत काहीच आढळले नाही, तर कारण मुळांकडे शोधावे: साचलेले पाणी, अचानक पडलेली ओढ किंवा नुकतीच हलविलेली कुंडी.

शेंड्यावर पांढरा कापसासारखा थर दिसतो. हे काय आहे?

हा पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग. जास्वंद, भेंडी, अंबाडी आणि कापूस ही सारी एकाच कुळातील झाडे असल्याने कपाशीच्या पट्ट्यात राहणाऱ्यांच्या जास्वंदीला हा त्रास अधिक होतो. २००५ नंतरच्या काही वर्षांत देशभरातील कपाशीवर ज्या पिठ्या ढेकणाने मोठा उपद्रव केला, तो जास्वंदीवरही तितक्याच आवडीने राहतो आणि कपाशी नसेल तेव्हा गाजरगवत व पेटारी यांसारख्या तणांवर दिवस काढतो. शेतातील फरदड, म्हणजे वेचणीनंतर पुढे राखलेली कपाशी, उपटली की कीड नवे घर शोधते. आणि घरामागे जळणासाठी रचलेला पऱ्हाट्यांचा (कपाशीच्या वाळक्या काड्यांचा) ढीग असेल, तर तिला फार लांब जावेही लागत नाही. ढीग झाडापासून दूर हलविणे आणि कुंपणाकडेचे गाजरगवत फुलावर येण्याआधी उपटणे, ही दोन कामे कोणत्याही फवारणीइतकीच महत्त्वाची आहेत.

प्रादुर्भाव थोडा असेल तर शेंडा कापून, पिशवीत घालून, जाळून टाकावा. कापलेला शेंडा कंपोस्टच्या खड्ड्यात किंवा बांधावर टाकू नये. उरलेल्या किडीवर पाण्याचा जोरदार फवारा मारावा. फांदीच्या बेचक्यात दडलेली कीड कापसाचा बोळा स्पिरिटमध्ये बुडवून पुसून काढता येते. त्यानंतर पाच टक्के निंबोळी अर्क फवारावा: पन्नास ग्रॅम निंबोळ्यांची भरड रात्रभर थोड्या पाण्यात भिजत घालावी, सकाळी फडक्यातून गाळून एक लिटर करावी आणि त्यात साबणाचा चुरा चिमूटभर मिसळावा. साबण नसेल तर या किडीच्या अंगावरील मेणामुळे थेंब ओघळून जातो आणि मेहनत वाया जाते. पावसाळी दमट हवेत व्हर्टिसिलियम लेकॅनी ही बुरशीची भुकटी लिटरला पाच ग्रॅम घेऊन सायंकाळी फवारल्यासही चांगला गुण येतो.

बुंध्यावरून मुंग्यांची रांग चढताना दिसत असेल, तर आधी तिचा बंदोबस्त करावा. किडीच्या अंगातून स्रवणाऱ्या गोड चिकट द्रवासाठी मुंग्या तिला राखतात आणि तिच्या शत्रूंना हुसकावतात. या शत्रूंपैकी क्रिप्टोलिमस नावाच्या ढालकिड्याची अळी मात्र लोक स्वतःच मारतात, कारण तिच्या अंगावरही पांढरे मेणाचे तुरे असतात आणि ती पिठ्या ढेकणासारखीच दिसते. फरक असा की ती आकाराने मोठी असते आणि काडी लावताच लगबगीने चालू लागते. ती दिसली तर फवारणी थांबवावी.

खत कोणते द्यावे? शेतातील उरलेले डीएपी चालेल का?

डीएपी देऊ नये. त्यात स्फुरद (फॉस्फरस) भरपूर असते; जास्वंदीला ते थोडेच लागते आणि ते जास्त झाले की लोह व जस्त यांचे शोषण आणखी कठीण होते. युरियाने पाने दाटतात, फुले रोडावतात. चुलीतील राख पालाश (पोटॅश) देते हे खरे, परंतु ती अल्कधर्मी असल्याने आपल्या जमिनीत उलटा परिणाम करते. कोकणातील सल्ला इथे जसाच्या तसा लागू होत नाही, त्याचे हे ठळक उदाहरण.

वर्षातून दोनदा, जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये, मोठ्या झाडाला दोन-तीन घमेली कुजलेले शेणखत द्यावे. कुंडीतील झाडाला पावसाळ्यात व फुलांच्या काळात पंधरा दिवसांनी १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला दोन ग्रॅम प्रमाणात पुरते. कोरड्या मातीत खत घालू नये.

छाटणी केव्हा करावी? गणपतीत भरपूर फुले हवी आहेत.

जास्वंदीला फूल नव्या फुटीवरच येते, त्यामुळे न छाटलेले झाड उंच होत जाते आणि फुले हाताला न लागणाऱ्या शेंड्यांवर राहतात. मोठी छाटणी फेब्रुवारीच्या उत्तरार्धात, थंडी ओसरल्यावर आणि ऊन तापण्याआधी करावी. मे महिन्यात छाटल्यास उघडी पडलेली साल उन्हाने भाजते.

गणपतीसाठी वेगळा हिशेब करावा लागतो. गणेश चतुर्थी ऑगस्टच्या शेवटच्या दहा दिवसांत किंवा सप्टेंबरच्या पहिल्या वीस दिवसांत येते, आणि हलक्या छाटणीनंतर नवी फूट वाढून तिला भरपूर कळ्या लागण्यास साधारण दोन ते अडीच महिने जातात. म्हणून पंचांगात तारीख पाहून तेथून सत्तर-पंचाहत्तर दिवस मागे मोजावे आणि त्या सुमारास प्रत्येक फांदीचा शेंडा वीतभर, डोळ्याच्या (जिथून नवी फूट येते त्या कोंबाच्या) किंचित वर, तिरका कापावा. गणपतीआधी अधिक मास आलेल्या वर्षी चतुर्थी उशिरा येते, तेव्हा छाटणीही जूनअखेरीस किंवा जुलैच्या पहिल्या आठवड्यात करावी. झाडे अधिक असतील तर निम्मी आठवडाभराच्या अंतराने छाटावीत. त्यामुळे फुले एकदमच येऊन संपत नाहीत आणि गौरींपर्यंत पुरतात. त्याच वर्षी नवरात्रातही लाल फुले हवी असतील, तर काही फांद्या महिनाभर मागे ठेवाव्यात.

फांदीपासून रोप तयार होते का?

गावठी जातीचे सहज होते. जुलै-ऑगस्टमध्ये पेन्सिलीएवढी जाड, न कोवळी न जून अशी फांदी घेऊन सहा ते आठ इंचांचे तुकडे करावेत. खालचा काप डोळ्याखाली तिरका घ्यावा, वरची दोन पाने अर्धी कापून ठेवावीत, बाकीची काढावीत. निम्मी वाळू व निम्मा कोकोपीट भरलेल्या पिशवीत दोन डोळे मातीत जातील असे खोचून सावलीत ठेवावे. पाच ते आठ आठवड्यांत मुळे धरतात. आधी पाने फुटली म्हणून आनंदाने उपटून पाहू नये. फांदीतील साठ्यावरही पाने फुटतात.

गच्चीवर कुंडीत जास्वंद टिकते का?

टिकते, पण कुंडी किमान चौदा इंचांची असावी आणि काळी प्लास्टिकची नसावी, कारण तापलेल्या गच्चीवर तिच्यातील मुळे अक्षरशः शिजतात. मातीची किंवा फिकट रंगाची कुंडी विटांवर ठेवावी, म्हणजे खालून हवा खेळते. एप्रिलच्या सुरुवातीपासून पाऊस पडेपर्यंत पन्नास टक्के सावलीची जाळी बांधावी. नंतर जाळी आठवणीने काढावी. जास्वंदीला फुलण्यासाठी पाच-सहा तास ऊन लागते. दर दोन वर्षांनी पावसाळ्यात माती बदलावी.

शेळ्या जास्वंद खातात का?

आवडीने खातात आणि फांदीसह ओरबाडतात. मोकळी जनावरे फिरत असतील, तर बाहेरच्या बाजूला कण्हेर लावावी, तिला ती सहसा तोंड लावत नाहीत. कण्हेर विषारी असल्याने घरात लहान मुले असतील, तर मात्र तिच्याऐवजी काटेरी कुंपण करावे.

फवारणी केलेल्या झाडाची फुले पूजेला किंवा तेलासाठी घेता येतात का?

निंबोळी अर्क किंवा साबणाचे पाणी फवारले असेल, तर दोन दिवस थांबून धुऊन घेता येतात. रासायनिक कीटकनाशक वापरले असल्यास, आणि कपाशीसाठी आणलेले औषध उरले म्हणून जास्वंदीवर मारण्याची पद्धत सर्रास आहे, ती फुले व पाने केसांच्या तेलात किंवा खाण्यात वापरू नयेत. ज्या झाडाची फुले रोज देवाला जातात आणि ज्याच्यावर सकाळी शिंजीर पक्षी मध प्यायला येतात, त्या झाडावर असली औषधे मुळात मारूच नयेत.

फूल एकच दिवस टिकते, त्यामुळे ते पहाटे खुडावे. सकाळी लवकर पूजा असेल, तर आदल्या संध्याकाळी टपोरी, रंग दिसू लागलेली कळी देठासह खुडून ओल्या फडक्यात ठेवावी. ती रात्रीत उमलू लागते. फूल पाण्यात ठेवण्याची गरज नसते. तोडलेले असो वा झाडावरचे, ते साधारण तेवढाच वेळ उमललेले राहते.